दुप्पट वेग, मग ऊर्जा चौपट काहून?

तर्रीवाला (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री १०:४२

मंडळी, मुलगी नववीत आहे, सेमी. विज्ञानाचा दुसरा धडा चालू आहे, कार्य आणि ऊर्जा. काल जेवता जेवता विचारते, "बाबा, वेग दुप्पट केला की गतिज ऊर्जा चौपट होते. दुप्पट काहून नाही होत?" मी म्हटलं, सूत्रात वेगाचा वर्ग आहे म्हणून. "ते मलेही दिसते. पण वर्ग काहून आहे?" शिकवणीत विचारून झालं होतं. तिथे उत्तर मिळालं, सूत्र आहे, पाठ कर, पेपरात तेवढंच लागते.

मी कॉमर्सचा. तरी पुस्तक उघडून गतीच्या तिसऱ्या समीकरणातून अर्धा एमव्ही स्क्वेअर काढून दाखवलं. तीन ओळी लागल्या, मान ताठ झाली. ती म्हणाली, "हे तर सूत्रातून सूत्र काढलं. काहून ते नाही सांगितलं."

दुसरा घोळ रविवारचा. त्रिमूर्तीनगरच्या अलीकडे स्कूटीतलं पेट्रोल संपलं. ती मागून, मी हँडलला, असं पंपापर्यंत ढकलत नेली. उन्हानं जीव गेला. पंपावर पाणी पिताना म्हणते, "स्कूटी आधी उभी होती, आताही उभीच आहे. गतिज ऊर्जा शून्याची शून्य. धड्यात तर लिहिलं आहे की कार्य केलं की गतिज ऊर्जा बदलते. मग आपण जे ढकललं ते गेलं कुठं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बिस्किटाचा पुडा घेऊन दिला. इथे कोणी जाणकार असेल तर पोरीला पटेल असं सांगा. सूत्र नको, ते तिला येते.

---

मुठाकाठ | मंगळवार, रात्री ११:०५

रुमाल टाकून ठेवतो. बाकी पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालवणं ही नागपूरची खासियत की फक्त धागाकर्त्यांची?

---

तर्रीवाला | मंगळवार, रात्री ११:०९

@मुठाकाठ, काटा खराब आहे हो. आणि आमच्याकडे निदान चढ तरी नाहीत, तुमच्या कात्रजला ढकलून दाखवा.

---

कळमन्याचा | बुधवार, सकाळी ६:३०

हे सायन्सवाल्यांचं 'कार्य' मले कधीच पटलं नाही. आमच्याकडे कार्य म्हणजे लग्न, नाहीतर तेरवी. दोन्हीत घाम निघते. माझ्या गाळ्यावरचा हमाल पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन ट्रकापासून आतपर्यंत चाळीस पावलं चालते. शाळेत म्हणे शिकवतात, त्यानं कार्य केलं शून्य. बाप्पा, त्याला मजुरी शून्य देऊन पाहा, मग कळते कार्य म्हणजे काय.

---

निवृत्त मास्तर | बुधवार, सकाळी ८:१२

कळमन्याच्या भाऊंपासून सुरुवात करतो, कारण त्यांचा राग रास्त आहे. दोष शब्दाचा आहे. भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे मेहनत नव्हे, तो एक हिशेब आहे: बल किती लावलं आणि त्या बलाच्या दिशेनं वस्तू किती सरकली, यांचा गुणाकार. हमालानं पोतं जमिनीवरून सव्वा मीटर वर खांद्याला घेतलं तेव्हा त्यानं पोत्यावर सुमारे ६०० ज्यूल कार्य केलं. पुढे सपाट फरशीवर एका चालीनं चालला तेव्हा त्याचं बल वर आणि सरकणं आडवं. हिशेबात काहीच पडलं नाही. पोत्याकडून विचार करा, चाळीस पावलांनी पोत्याजवळ नवीन काय आलं? उंची तीच, चालही तीच.

पण हमालाच्या अंगातून काही गेलं नाही असं कोणी म्हणत असेल तर ते चूक. त्याच्या भाकरीतली ऊर्जा खर्च झालीच. फक्त ती पोत्याच्या खात्यात जमा झाली नाही.

आता स्कूटी. धड्यातल्या त्या वाक्यात एक शब्द बहुतेक वेळा गाळला जातो, तो म्हणजे निव्वळ. वस्तूवर सगळ्या बलांनी मिळून जे कार्य होतं, त्याची बेरीज म्हणजे गतिज ऊर्जेतला बदल. तुमचं एकट्याचं नव्हे. तुम्ही पुढे ढकलत होता तेव्हा टायर रस्त्यावर चेपत होते, बेअरिंग घासत होती, ब्रेक शू थोडे चिकटत असतील. ती बलं उलट दिशेला, म्हणून त्यांचं कार्य ऋण. समजा तुम्ही दोघांनी मिळून ४० न्यूटननं ५०० मीटर ढकललं, तर तुमचे २०,००० ज्यूल जमा आणि घर्षणाचे २०,००० ज्यूल नावे. शिल्लक शून्य. पोरीनं बरोबर पकडलं, स्कूटीच्या पासबुकात काही उरलं नाही. सगळं टायर, बेअरिंग आणि रस्ता गरम करण्यात गेलं. हात लावून कळणार नाही इतकं थोडं थोडं, पण गेलं तिथेच.

वर्गाचं दुपारी लिहितो, आंघोळ राहिली आहे.

---

सदाफुली | बुधवार, सकाळी ९:४०

हमालाबद्दल एक भर, मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून. फळीवर पोतं ठेवलं तर फळी थकत नाही, माणूस थकतो. कारण आपला स्नायू फळीसारखा अडकून बसत नाही. आतले तंतू पाळीपाळीनं आकसतात, सैल पडतात, पुन्हा आकसतात. प्रत्येक आकसण्याला ऊर्जा लागते आणि तिची उष्णता होते. बाहेरून हात स्थिर दिसतो, आत कारखाना चालू. म्हणून घाम.

---

कळमन्याचा | बुधवार, सकाळी ९:५८

हे पटलं ताई. पोत्यावर कार्य शून्य, माणसाचं खर्चलेलं वेगळं. असं सांगायचं ना आधी. आमचे मास्तर तर भिंत ढकलायले लावत अन् म्हणत, तुम्ही काहीच केलं नाही, बसा खाली.

---

निवृत्त मास्तर | बुधवार, दुपारी ३:२०

आता वर्ग. मुलीला हे वहीवर आकडे मांडून करायला सांगा, सूत्र झाकून ठेवा.

स्कूटी १०० किलोची धरा, रस्ता गुळगुळीत धरा, घर्षण विसरा. मागून बरोबर १०० न्यूटननं ढकलत राहायचं. मग दर सेकंदाला वेग १ मीटर प्रति सेकंदानं वाढेल. पहिल्या सेकंदाअखेर १, दुसऱ्याअखेर २, मग ३, मग ४. इथपर्यंत सगळं सरळ: दुप्पट वेळ, दुप्पट वेग.

पण तेवढ्या वेळात गाडी सरकली किती? पहिल्या सेकंदात अर्धा मीटर. दुसऱ्यात दीड. तिसऱ्यात अडीच. चौथ्यात साडेतीन. म्हणजे १, ३, ५, ७ या प्रमाणात. ही गंमत गॅलिलिओनं उतरत्या फळीवरून गोळा सोडून पाहिली होती. कारण उघड आहे, गाडी आधीच पळत असली की त्याच एका सेकंदात ती जास्त रस्ता खाते. आणि कार्याचा हिशेब सेकंदावर नाही, मीटरवर आहे.

एकूण अंतर: ½, २, ४½, ८ मीटर. १०० न्यूटननं गुणा: ५०, २००, ४५०, ८०० ज्यूल. वेग १, २, ३, ४ आणि कार्य ५० च्या १ पट, ४ पट, ९ पट, १६ पट. वर्ग आला. कोणी आकाशातून टाकला नाही.

वेगाची पहिली पायरी ५० ज्यूलमध्ये मिळाली, दुसरी १५० ला, तिसरी २५० ला, चौथी ३५० ला. पायरी सारखीच, महाग होत गेली, कारण ती चढेपर्यंत तुम्हाला गाडीमागे जास्त जास्त धावावं लागलं. चौथ्या सेकंदात तुम्ही ढकलायला साडेतीन मीटर पळालात, पहिल्यात अर्धा. पोरीनं रविवारी मागून ढकललं आहे, तिला हे पायांना कळेल.

बल गुणिले वेळ केलं असतं तर जे मिळतं ते संवेग, एमव्ही. तिथे वर्ग नाही. तो रोजंदारीचा हिशेब, तास मोजा. गतिज ऊर्जा हा मीटरवारी ठेका. दोन्ही हिशेब खरे, फक्त वेगवेगळे प्रश्न सोडवतात.

---

तर्रीवाला | बुधवार, रात्री ९:१५

सर, दंडवत. वहीवर मांडलं. १-३-५-७ ला तिचे डोळे मोठे झाले. मग लगेच पुढचं, "तो अर्धा कुठून आला?" मी म्हटलं, थांब, आधी बाबाला जेवू दे.

---

निवृत्त मास्तर | बुधवार, रात्री ९:३३

शून्यापासून सुरुवात करून वेग व्ही झाला, वाढ सारखी होती, तर सरासरी वेग व्हीच्या अर्धा. पहिल्या सेकंदात १ मीटर नाही, अर्धाच मीटर सरकली ना? तोच तो अर्धा.

गंमत म्हणजे हा अर्धा बराच काळ नव्हताच. जर्मन गणिती लाइब्नित्झनं १६८६ साली मांडलं की गतीचं खरं माप वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याला तो जिवंत बल म्हणायचा. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचे अनुयायी म्हणत, नाही, वस्तुमान गुणिले वेग. पुढे कित्येक दशकं भांडण चाललं, इथल्या धाग्यांसारखंच. पुढे फ्रान्सच्या कोरिओलिसनं १८२९ साली यंत्रांवरच्या पुस्तकात बल गुणिले अंतराला कार्य हे नाव पक्कं केलं आणि दोन्ही बाजू जुळाव्यात म्हणून वेगाच्या वर्गापुढे अर्धा लावला. तोच कोरिओलिस, भूगोलात वाऱ्यांना वळवतो तो.

---

लाल_बत्ती | गुरुवार, पहाटे ४:५०

ड्युटी संपवून रनिंग रूममध्ये वाचतोय. मी मालगाडीवर लोको पायलट आहे, अजनी. मास्तरांनी सांगितलं ते आम्ही रोज उलटं भोगतो. तुम्ही वेग चढवायचं म्हणता, आमची झोप उडते उतरवायच्या हिशेबानं.

कोळशाचा भरलेला रेक, ५८ डबे, वजन पाच हजार टनांच्या आसपास. ३० च्या स्पीडला ब्रेक लावला तर गाडी जेवढ्या अंतरात थांबते, ६० ला तेवढाच ब्रेक लावला तर त्याच्या दुप्पट लांब जाऊन थांबायला पाहिजे असं नव्या असिस्टंटला वाटते. तसं होत नाही. चौपट जाते. डबल यलो, म्हणजे पुढे वेग कमी करायची तयारी ठेवा सांगणारा सिग्नल, दिसला की हात आपोआप ब्रेकवर जातो तो याच्यामुळे. सूत्र माहीत नसलं तरी हाताला माहीत असते.

अन् ब्रेक बाइंडिंग झालेल्या, म्हणजे ब्रेक चाकाला चिकटून राहिलेल्या डब्याचा वास एकदा घेतला तर विसरत नाही. जळक्या लोखंडाचा अन् रबराचा मिसळून. रात्री चाकाच्या कडेनं लाल दिसते. ती गतिज ऊर्जाच ना मास्तर?

---

निवृत्त मास्तर | गुरुवार, सकाळी ७:४०

लाल_बत्ती भाऊ, तीच. तुमच्या रेकचा आकडा मांडून पाहिला. पाच हजार टन, ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. गतिज ऊर्जा जवळपास ६९ कोटी ४० लाख ज्यूल. एवढी सगळी ब्रेकमध्ये उष्णता झाली तर ३० अंशाचं सव्वादोन हजार लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. आणि गाडी ८०० मीटरमध्ये थांबवली तर ब्रेकनं सरासरी पावणेनऊ लाख न्यूटननं मागे ओढलं असणार. ऊर्जा भागिले अंतर, की बल आलं. कार्य-ऊर्जा प्रमेयाचा खरा उपयोग हा. किती सेकंद लागले ते विचारावंही लागलं नाही.

---

लाल_बत्ती | गुरुवार, सकाळी ७:५५

बरोबर. फक्त एक सांगतो, आता सगळीच उष्णता होत नाही. थ्री फेज इंजिनाला, म्हणजे आमच्या डब्ल्यूएजी-९ ला, रिजनरेटिव्ह ब्रेक असते. मोटरच उलटी जनरेटर होते अन् करंट वरच्या तारेत परत जाते, २५ हजार व्होल्टच्या. उतारावर आम्ही लोड धरून ठेवतो अन् मीटर मागे जाताना दिसते. पाहायला बरं वाटते. तुमच्या मेट्रोतही तेच.

अजून एक. इंजिन सुरुवातीला बम ओढते, पण स्पीड वाढला की खेच कमी होत जाते. शून्य ते ३० पटकन येते, ३० ते ६० ला जीव जाते.

---

होस्टेल_मेस | गुरुवार, सकाळी ११:१०

@लाल_बत्ती काका, ते शक्ती मर्यादित असल्यामुळे. इंजिन दर सेकंदाला ठरावीक ज्यूल देऊ शकतं, जास्त नाही. ज्यूल सारख्या दरानं जमा होत असतील तर ० ते ३० ला जो वेळ लागेल त्याच्या तिप्पट ३० ते ६० ला. प्रत्यक्षात सुरुवातीला चाक घसरू नये म्हणून खेच रोखून धरावी लागते आणि वरच्या वेगाला विरोध वाढतो, त्यामुळे अगदी तिप्पट येणार नाही.

---

गाडीवान_एमएच३१ | गुरुवार, दुपारी १:३०

म्हणजे समृद्धीवर १२० नं गेलो तर ६० पेक्षा चौपट पेट्रोल जाते, याचं कारण हे. आता कळलं.

---

निवृत्त मास्तर | गुरुवार, दुपारी २:०५

नाही हो, इथे गल्लत आहे. गतिज ऊर्जेचे पैसे वेग मिळवताना एकदाच द्यायचे. शिवमडक्याहून निघालात, १२० ला पोहोचलात, की ते खातं भरलं. १,२०० किलोच्या गाडीला ६० पर्यंत १.६७ लाख ज्यूल लागतात, १२० पर्यंत ६.६७ लाख. त्यापुढे एकाच वेगानं शिर्डीपर्यंत गेलात तरी गतिज ऊर्जा वाढत नाही. मग पेट्रोल कशाला जातं? हवा बाजूला सारायला आणि टायर चेपण्याला. तिथेही निव्वळ कार्य शून्य, स्कूटीसारखंच: इंजिन जेवढं जमा करतं तेवढंच हवा आणि रस्ता नावे टाकतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो खरा, पण तो वेगळा वर्ग आहे, वेगळ्या कारणाचा.

चौपट भोगावं लागतं ते धडकताना. ६० ची धडक म्हणजे गाडी १४ मीटरवरून खाली पडल्यासारखी. १२० ची म्हणजे ५७ मीटरवरून. पहिली चार-पाच मजली इमारत, दुसरीएवढ्या उंच इमारती आपल्या गावात किती आहेत मोजा.

---

तर्रीवाला | शुक्रवार, रात्री ८:५०

आज आम्ही प्रयोग केला आणि प्रयोग फसला. सर, मदत.

गॅरेजवाल्याकडून मोठ्या बेअरिंगचा छर्रा आणला, साधारण इंचभर व्यासाचा. तान्ह्या पोळ्याचे बैल करायला आणलेली चिकणमाती घरात होतीच, ती मळून परातीत थापली. पोरीनं दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं खुणा केल्या, २५ सेंटीमीटर आणि १ मीटर. उंची चौपट म्हणजे पोहोचतानाचा वेग दुप्पट, २.२ आणि ४.४. हे तिनंच काढलं.

सोडला. २५ वरून पडला तेव्हा खड्डा ५ मिलीमीटर खोल. मीटरभरावरून, १० आणि ११ च्या मध्ये. पाच वेळा केलं. दुप्पटच येते! चौपट पाहिजे होतं ना? बायको म्हणते पोराच्या बैलांची माती वाया घालवली. पोरगी म्हणते देकार्त बरोबर होता.

---

कळमन्याचा | शुक्रवार, रात्री ९:०२

पॉपकॉर्न घेऊन बसलो. मास्तर, आता सांगा.

---

होस्टेल_मेस | शुक्रवार, रात्री ९:२०

मातीत ओलावा कमी-जास्त असेल. किंवा छर्रा सोडताना हातानं ढकलला जात असेल.

---

निवृत्त मास्तर | शुक्रवार, रात्री १०:१५

ओलावा नाही. प्रयोग फसलेला नाही, उलट फार सुरेख झाला आहे. मी जेवून उठलो तो यावरच विचार करत.

छर्रा गोल आहे. मातीत टेकतो तेव्हा टोकाशी टेकतो, आत जातो तसं त्याचं तोंड रुंद होत जातं. म्हणजे मातीचा विरोध पहिल्या मिलीमीटरला थोडा, दहाव्याला भरपूर. बल कायम राहिलंच नाही. बल कायम असतं तर चौपट ऊर्जेला चौपट खोली. पण इथे बल खोलीबरोबर वाढतंय, त्यामुळे दुप्पट खोल जायलाच जवळपास चौपट कार्य लागतं. स्प्रिंग दाबताना होतं तसंच.

खोली मोजू नका. खड्ड्याचं आकारमान मोजा. माती जेवढी बाजूला सारली तेवढं कार्य, हा अंदाज बराच बरोबर निघतो. पाणी घालू नका, माती पिऊन टाकेल. तेल घ्या.

हॉलंडमधल्या स'ग्राव्हेसांडेनं १७२० च्या दशकात हेच केलं होतं, मऊ मातीवर पितळी गोळे टाकून, आणि एमिली दु शातले या फ्रेंच विदुषीनं ते निकाल लाइब्नित्झच्या बाजूनं मांडले. त्यांनाही गोल गोळेच मिळाले होते.

---

तर्रीवाला | शनिवार, सकाळी ११:३०

सर!! जवसाचं तेल घेतलं, औषधाच्या सिरिंजनं (सुई काढून) खड्डा काठोकाठ भरला. लहान खड्ड्यात ०.८ मिली. मोठ्यात ३.१. भागाकार पोरीनं केला, ३.९ च्या जवळ. ती परात घेऊन आजीला दाखवायला गेली. आजी म्हणाली, तेल काढून ठेव, वाया नको घालू.

---

सदाफुली | शनिवार, दुपारी १२:१०

वाखू (वाचनखूण) साठवली. माझ्या मुलाला पण करायला लावते.

---

होस्टेल_मेस | शनिवार, दुपारी ४:००

आता माझा एक आवडता प्रश्न टाकतो. सरांनी लगेच उत्तर देऊ नका.

मेट्रो सरळ रुळावर ताशी ७२ किमी, म्हणजे सेकंदाला २० मीटर. आत मी उभा, हातात २०० ग्रॅमचं संत्रं. पुढच्या दिशेला ५ मीटर प्रति सेकंदानं फेकलं. माझ्या मते संत्र्याला मी २.५ ज्यूल दिले. खाली फलाटावर उभ्या मित्रानं मोजलं: आधी संत्र्याचा वेग २०, म्हणजे ४० ज्यूल. नंतर २५, म्हणजे ६२.५. वाढ २२.५. माझ्या दंडानं २.५ ज्यूलच खर्चले. उरलेले २० कोणी दिले?

---

मुठाकाठ | शनिवार, दुपारी ४:२५

महामेट्रोनं. तिकिटात धरलेले असतात. (हलके घ्या.)

---

लाल_बत्ती | शनिवार, संध्याकाळी ६:४०

हसू नका, तो बरोबरच बोलला. तू संत्रं पुढे फेकलं तर तुझे पाय डब्याले मागे ढकलतात. डबा तेवढाच ओढ खाते. मोटरले तेवढं जास्त द्यावं लागते. मेट्रोवालाच देते ते २०.

---

निवृत्त मास्तर | शनिवार, संध्याकाळी ७:१०

लाल_बत्तींना पैकीच्या पैकी गुण. आकडे फक्त मी बसवतो. संत्र्याला १ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद एवढा संवेग मिळाला, हातानं बल गुणिले वेळ तेवढं दिलं. फलाटावरून पाहिलं तर ते बल लावत असताना हात स्वतः सेकंदाला २० मीटरनं पुढे जात होता. म्हणजे त्याच बलाला जास्त मीटर मिळाले, जास्तीचं कार्य १ गुणिले २०, बरोबर २० ज्यूल. आणि पायांनी गाडीला मागे जे ढकललं त्याचे गाडीच्या खात्यातून २० ज्यूल वजा. इकडे जमा, तिकडे नावे.

प्रमेय दोघांचंही बरोबर. आत बसणाऱ्यानं आपले मीटर मोजावे, फलाटावरच्यानं आपले. एकानं कार्य आपल्या मीटरवर मोजायचं आणि वेग दुसऱ्याचा घ्यायचा, असं केलं की चुकलं. माझ्या नोकरीत कॉलेजच्या पोरांनी सर्वाधिक गुण इथेच घालवले.

---

होस्टेल_मेस | शनिवार, संध्याकाळी ७:३५

मान्य. मग एक शेवटचं. गाडी पुढे जाते कारण रस्ता टायरला पुढे ढकलतो. पण टायरचा जो बिंदू रस्त्याला टेकलेला असतो तो त्या क्षणी सरकतच नाही. विस्थापन शून्य, कार्य शून्य. मग गाडीला गतिज ऊर्जा रस्त्यानं दिली नाही तर कोणी?

---

निवृत्त मास्तर | शनिवार, रात्री ८:००

पेट्रोलनं. शाळेतलं प्रमेय ठोकळ्याला एकच वस्तू मानतं. गाडीच्या पोटात पिस्टन, दांडे, गिअर एकमेकांना ढकलताहेत, त्या अंतर्गत बलांचं कार्यही बेरजेत धरावं लागतं. रस्ता फक्त आधार देतो, ऊर्जा देत नाही. चालताना तुम्हाला जमीन पुढे ढकलते, पण चालण्याचा खर्च जमीन करत नाही, तुमचं तर्री-पोह्यांचं पोट करतं. नववीच्या मुलीला हे आत्ता सांगू नका, तिला संत्र्यापर्यंत पुरे.

---

तर्रीवाला | शनिवार, रात्री ८:२०

ती मागे उभी राहून वाचत आहे. म्हणते, "मले समजलं. भिंतीला ढकलून स्केटिंगला निघते तसं."

---

कळमन्याचा | शनिवार, रात्री ८:३१

पोट्टी भारी आहे बे.

---

तर्रीवाला | १९ दिवसांनी, संध्याकाळी ६:०५

धागा वर काढतोय. घटक चाचणीत प्रश्न आला होता: गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाशी समानुपाती का असते? हिनं १-३-५-७ लिहिलं, स्कूटी काढली, मागे ढकलणारा माणूस काढला (तो मी, पोटावरून ओळखू येतो). पेपर आज मिळाला. दोनपैकी दीड. बाजूला लाल पेनानं शेरा, "पुस्तकातल्याप्रमाणे लिहावे."

मी चिडलो, शाळेत जातो म्हटलं. ती म्हणाली, "राहू द्या बाबा. अर्धाच कापला आहे, तो कोरिओलिसचा असंल."